सीटखालची स्प्रिंग मागच्या चाकापर्यंत

जुन्या काळ्या सायकलच्या सीटखाली दोन जाड स्प्रिंगा असतात. अकोटच्या किंवा अचलपूरच्या बाजाराच्या दिवशी अशी सायकल अजून दिसते. कॅरिअरवर पोतं, हँडलला पिशवी, आणि खड्डा आला की सीटखालून येणारी करकर. आज अमरावतीत किंवा अकोल्यात माउंटन बाइक घ्यायला निघालेल्याला दुकानात विचारतात, हार्डटेल हवी की फुल सस्पेन्शन? म्हणजे शॉकअप फक्त पुढच्या चिमट्यात असावा, की मागच्या चाकालाही? हा प्रश्न नवा वाटतो, पण त्याचं मूळ त्या दोन स्प्रिंगांच्याही मागे जातं. रस्ता धक्का देतो आणि माणसाला तो सोसायचा असतो. या दोघांच्या मधे लवचीकपणा कुठे ठेवायचा, याचं उत्तर प्रत्येक काळाने आपापल्या रस्त्याप्रमाणे दिलं. वऱ्हाडात ते सगळे रस्ते आजही एका जिल्ह्यात सापडतात, म्हणून सायकल निवडण्याआधी हा मागोवा घ्यायलाच हवा.

सुरुवात बंडीपासून करू. लाकडी चाक, त्यावर तापवून बसवलेली लोखंडी धाव, आणि आखावर टेकलेला साटा. स्प्रिंग कुठेच नाही. दगडाचा धक्का आखातून साट्यात आणि साट्यातून थेट मणक्यात जायचा. त्यावर उपाय म्हणजे खाली अंथरलेलं कुटार, वर गोधडी, आणि बैलांची संथ चाल. या तिसऱ्या उपायाला सर्वांत जास्त महत्त्व होतं, कारण वेग वाढला की त्याच दगडाचा धक्का कितीतरी जोराने बसतो. म्हणून स्प्रिंगची कहाणी खरी सुरू होते ती माणूस चाकांवरून जोरात जाऊ लागला तेव्हा.

१८६० च्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांच्या कारखान्यातून पायडलच्या सायकली बाहेर पडल्या. त्यांनाही लाकडी चाकं आणि लोखंडी धावच होती. पुढे उंच चाकाची सायकल आली. तिचं मोठं चाक लहान खड्ड्यांवरून सहज निघून जाई, मात्र पडलं तर डोकं आधी जमिनीला लागे. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीने इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीत रोव्हर सायकल आणली. जवळपास सारखी दोन चाकं आणि मागच्या चाकाला साखळी, अशी आपल्या ओळखीची ठेवण तिच्यामुळे रुळली. चाक लहान झालं तसे धक्के वाढले. त्याच सुमारास लिनली अँड बिग्ज या इंग्रज कंपनीने व्हिपेट नावाची सायकल काढली. तिच्यात सीट, हँडल आणि पायडल एका सांगाड्यावर होते, चाकं दुसऱ्यावर, आणि दोन्हींच्या मधे एक दणकट स्प्रिंग. संपूर्ण सायकललाच झोला देण्याची कल्पना इतकी जुनी आहे.

ती कल्पना मागे पडली ती हवेमुळे. बेलफास्टमधले पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीला रबरी नळीत हवा भरून बसवली आणि १८८८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. रॉबर्ट थॉमसन यांनी ही युक्ती १८४५ मध्येच नोंदवली होती, पण तेव्हा पायडलची सायकल रूढ नव्हती. १८८९ मध्ये विली ह्यूम या सायकलपटूने बेलफास्टला हवेच्या टायरवर शर्यती जिंकल्या, आणि थोड्याच वर्षांत स्प्रिंगच्या सांगाड्यांची गरज उरली नाही. हवेला सांधा नाही, गंज नाही, वजन जवळजवळ नाही. शिवाय ती अगदी जमिनीला लागून काम करते, धक्का सायकलमध्ये शिरण्याआधीच. आजच्या सर्वांत महागड्या माउंटन बाइकचीही पहिली स्प्रिंग टायरमधली हवाच आहे.

काळ्या सायकलीने हीच शिकवण आपल्याकडे आणली. १८६७ मध्ये रेल्वे भुसावळहून बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. कापूस स्टेशनपर्यंत नेण्यासाठी पक्के रस्ते झाले, पण गावापासून त्या रस्त्यापर्यंत मुरूम आणि काळी मातीच राहिली. या दोन्हींवर चालेल अशी सायकल लागत होती. पुढे आसनसोलची सेन-रॅले, सोनीपतची ॲटलस, लुधियानाची हीरो यांनी काळ्या सायकलीचा साचा घरोघरी नेला. तिची रचना बारकाईने पाहिली तर धक्का अनेक ठिकाणी वाटून घेतलेला दिसतो. सीटखाली स्प्रिंगा आहेतच. पण चिमटाही पुढे बराच झुकलेला आणि बाकदार असतो, त्यामुळे तो किंचित लवतो. दोन चाकांमधलं अंतर लांब आहे. आणि चाक मोठं आहे. २८ इंची काळ्या सायकलच्या रीमचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो. आज '२९ इंची' म्हणून मिरवणाऱ्या माउंटन बाइकची रीम ६२२ मिलिमीटरची, आणि त्याआधीच्या २६ इंची माउंटन बाइकची ५५९. मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं, हे ज्ञान पांदणीने सायकल चालवणाऱ्या आपल्या आजोबांच्या पायाखाली होतं. माउंटन बाइकला ते परत मिळवायला एकविसावं शतक लागलं.

माउंटन बाइक जन्मली ती स्प्रिंगशिवाय. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी कॅलिफोर्नियात फेअरफॅक्स गावाजवळच्या एका मातीच्या उतारावर काही तरुणांनी पहिली शर्यत लावली. सुमारे साडेतीन किलोमीटरमध्ये चारशे मीटर खाली. त्यांच्या सायकली १९३०-४० च्या दशकांतल्या, जाड फुगीर टायरच्या. ते टायर अमेरिकेत श्विन कंपनीने १९३३ पासून रूढ केले होते, सव्वादोन इंचांच्या जवळपास रुंदीचे. पायडल उलटं दाबून लागणारा ब्रेक उतारावर इतका तापे की हबमधलं ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावं लागे. जो ब्रीझने १९७७ मध्ये अशा उतारांसाठी खास फ्रेम बांधली, १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिचीच्या फ्रेम घेऊन व्यवसाय सुरू केला, आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजंपर बाजारात आली. या साऱ्या सायकलींमध्ये धक्का सोसायला तीनच गोष्टी होत्या. जाड टायर, वाकलेले गुडघे आणि सैल सोडलेले कोपर.

स्प्रिंग परत आली ती मोटोक्रॉसच्या मोटरसायकलींकडून. त्या जगात वाढलेल्या पॉल टर्नरने रॉकशॉक्स कंपनी काढली आणि १९८९ च्या सुमारास तिचा आरएस-१ हा चिमटा आणला. तो दबायचा जेमतेम पाच सेंटिमीटर. १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला पहिली अधिकृत विश्वस्पर्धा झाली, आणि ग्रेग हर्बोल्डने असाच चिमटा लावून उताराची शर्यत जिंकली. या चिमट्यात महत्त्वाचं होतं ते तेल. नुसती स्प्रिंग दबते आणि तेवढ्याच जोराने उलटी उसळते. तेल बारीक छिद्रांतून जाताना ती उसळी अडवतं आणि धक्क्याचा जोर उष्णतेत घालवतं. शॉकअपचं अर्धं काम स्प्रिंग करते, उरलेलं अर्धं तेल.

मागच्या चाकाचं कोडं अवघड होतं. पुढचा चिमटा फक्त दिशा देतो, पण मागचं चाक साखळीने ओढलं जातं. पायडल दाबलं की साखळी ताणली जाते आणि सायकल खाली बसते, पाय उचलला की वर येते. चढावर स्वाराची ताकद अशी हेलकाव्यांत वाया जाते. ऑस्ट्रियाचे होर्स्ट लाइटनर यांनी १९९० च्या दशकात मागच्या चाकाजवळ एक जास्तीचा सांधा देऊन या ओढाताणीवर उपाय शोधला. इतरांनी निराळ्या जोडण्या केल्या. २००३ मध्ये स्पेशलाइज्डच्या एपिक सायकलीत अशी झडप आली, जी पायडलच्या हालचालीला बंद राहते आणि चाकाखालून धक्का आला तरच उघडते. १९९६ मध्ये अटलांटाला माउंटन बाइक ऑलिंपिकमध्ये आली तेव्हा बार्ट ब्रेंटजेन्स हार्डटेलवर जिंकला होता. फुल सस्पेन्शनवर सुवर्ण मिळायला २०१२ उजाडलं. लंडनला यारोस्लाव कुलहावी ते एपिकवरच जिंकला. मागची स्प्रिंग चढावर ओझं होऊ नये, यासाठी जगातल्या उत्तम कारागिरांना वीसेक वर्षं लागली.

हा काळ लक्षात ठेवला की आपल्या बाजारातल्या स्वस्त 'डबल शॉकअप' सायकलींचं खरं मोल कळतं. मागे उघडी स्प्रिंग, तेल नाही, सांध्यात साध्या बुशा, आणि एकूण वजन कधी १८-२० किलोपर्यंत. दिसायला फुल सस्पेन्शन, पण ती वीस वर्षांची मेहनत तिच्यात नाही. अशा सायकलीवर चढ चढताना दम निघतो आणि उतारावर मागचं चाक उसळतं. मुलाच्या हट्टाखातर ती घेण्याआधी पालकांनी तेवढ्याच पैशांत मागे शॉकअप नसलेली, हलकी, चांगल्या ब्रेकची सायकल जरूर पाहावी.

आता वऱ्हाडची जमीन. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या पट्ट्यात १०५ तास ३३ मिनिटांत, एका मार्गिकेच्या हिशेबाने ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं आणि गिनीजमध्ये नोंद झाली. त्या रस्त्याला कुठल्याच शॉकअपची गरज नाही. माउंटन बाइकचा स्वार तिथून मुद्दाम बाजूला वळतो, आणि वळल्यावर त्याला तीन प्रकारची जमीन भेटते.

पहिली पांदण आणि धुरा. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, बंडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दगडासारख्या घट्ट होतात. पावसाळ्यात हीच माती टायरला थरावर थर चिकटते. इथे लागतो सव्वादोन इंच किंवा त्याहून रुंद टायर, आणि टायर व फ्रेमच्या मधे भरपूर मोकळी जागा. मागच्या शॉकअपच्या जोडण्यांत ही माती घट्ट बसते आणि छर्ऱ्यांची वाट लावते. इथे हार्डटेलच घ्यावी.

दुसरी जमीन मुरमाच्या टेकड्यांची. अमरावतीलगत वडाळी, पोहरा-मालखेडचा भाग, अकोल्याकडे पातूरचा डोंगराळ पट्टा. लहान चढ, लहान उतार, सुटे खडे, सागाच्या पानांखाली लपलेले दगड. १०० ते १२० मिलिमीटर दबणारा चिमटा आणि २९ इंची चाक असलेली हार्डटेल इथे मनापासून आनंद देते. मागचं चाक कुठे घसरलं, कुठे पकडलं हे तिच्यावर शरीराला लगेच कळतं, आणि त्यातूनच तोल शिकता येतो.

तिसरी गाविलगडच्या रांगेची. परतवाड्याहून चिखलदऱ्याला सुमारे ३० किलोमीटरच्या वाटेवर सातशे मीटरहून जास्त चढ आहे, पण तो डांबरी आहे. त्यासाठीही हार्डटेल पुरते. फुल सस्पेन्शनचं काम सुरू होतं ते पठाराच्या कडांवरच्या, बेसॉल्टच्या पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या दगडी वाटांवर. तिथे मागचं चाक दगडावरून उडालं की ब्रेकची पकड सुटते. मागचा शॉकअप चाक जमिनीला लावून ठेवतो, म्हणजे आरामाबरोबर ताबाही देतो. अशा वाटा वारंवार उतरणाऱ्याने १२० ते १४० मिलिमीटरची फुल सस्पेन्शन जरूर घ्यावी. मात्र मेळघाट हा १९७३-७४ मध्ये जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय जंगलवाटेवर चाक घालू नये, आणि गाभा क्षेत्राचा विचारही मनात आणू नये. तिथल्या वाटांवर पहिला हक्क जनावरांचा आहे.

सायकल कोणतीही असो, वऱ्हाडचं हवामान तिची परीक्षा घेतं. शॉकअपमध्ये पंचवीस अंशांवर भरलेली हवा अकोल्याच्या पंचेचाळीस अंशांत सहा-सात टक्के जास्त दाब देते, म्हणून दाब निघताना, त्या दिवसाच्या उन्हात तपासावा. बारीक धूळ चिमट्याच्या सिलांवर बसते. चांगल्या चिमट्यांचं खालचं तेल साधारण दर पन्नास तासांच्या वापरानंतर बदलायचं असतं. फुल सस्पेन्शनला याशिवाय मागचा शॉकअप आणि सांध्यांचे छर्रे येतात. हे काम जवळपास कोण करतं, त्याच्याकडे सुटे भाग आहेत का, हे सायकल घेण्याआधी विचारावं, आणि खर्चात धरावं. त्याच किमतीत हार्डटेलला बहुधा सरस चिमटा आणि सरस ब्रेक मिळतात, वजनही किलो-दोन किलोंनी कमी असतं.

दीडशे वर्षांत स्प्रिंग सीटखालून टायरमध्ये, टायरमधून चिमट्यात आणि चिमट्यातून मागच्या चाकापर्यंत पोचली. दरवेळी रस्त्याने किंवा वेगाने गरज निर्माण केली, मगच ती टिकली. हवेच्या टायरने गरजच संपवली, तेव्हा व्हिपेट टिकली नाही. निवडही याच क्रमाने करावी. आधी टायर आणि त्यातली हवा, मग चिमटा, आणि सर्वांत शेवटी मागचा शॉकअप. वऱ्हाडातल्या बहुतेकांसाठी हा क्रम हार्डटेलवरच थांबतो, आणि त्यात काहीही कमीपणा नाही. ज्याची वाट रोज दगडी उतारावरून जाते, त्याने पुढची पायरी खुशाल चढावी.