उंदीर मरत नाहीत तेव्हा

बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर उभा आहे. भोवताली काळी माती. कापूस, ज्वारी, हरभरा. अशा शिवारात उंदीर हा शेतकऱ्याचा जुनाच वाटेकरी. पण उंदीर आणि रोगराई यांचे नाते आपल्याकडे लोकांच्या मनात पक्के बसले ते प्लेगमुळे. १८९६ साली मुंबईत प्लेग सुरू झाला आणि नंतर दूरवर पसरला. घरात उंदीर मरून पडू लागले की लोक गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहत.

लोकांचे हे निरीक्षण अचूक होते. १८९८ मध्ये पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून प्लेगच्या प्रसारात पिसवांचा वाटा असल्याचे दाखवले. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या उपाशी पिसवा दुसरे शरीर शोधतात. मेलेला उंदीर ही म्हणून धोक्याची सूचना असे.

प्लेग हा जीवाणूचा रोग. उंदरांशी संबंध असलेल्या अनेक विषाणूंच्या बाबतीत मात्र ही सूचना मिळत नाही, कारण तिथे उंदीर मरत नाहीत.

१९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात वानरे आणि माकडे मरू लागली. आसपासच्या गावांत माणसेही तापाने फणफणली. आफ्रिकेत व दक्षिण अमेरिकेत आढळणारा पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी शंका आली, कारण त्या रोगातही माकडे मरतात. पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले होते. आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था ती हीच. तेथील शास्त्रज्ञांनी विषाणू वेगळा केला. तो पीतज्वराचा नव्हता. रशियात गोचिडींमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूचा तो जवळचा नातलग निघाला.

मग हा विषाणू जंगलात टिकतो कसा? तो गोचिडीच्या शरीरात दीर्घकाळ राहतो. गोचिडीची पिल्ले उंदीर, खारी, चिचुंद्री अशा लहान प्राण्यांचे रक्त पितात आणि विषाणूचे चक्र चालू राहते. हे लहान प्राणी फारसे आजारी दिसत नाहीत. माकडे मात्र मरतात. मेलेल्या माकडावरून संसर्ग झालेल्या गोचिडी खाली पडतात आणि तो परिसर धोकादायक होतो. जंगलात चरणाऱ्या गुरांवर प्रौढ गोचिडी पोसल्या जातात, त्यामुळे त्यांची संख्या वाढते. जंगलात गेलेल्या माणसाला गोचीड चावली की त्याला एकाएकी ताप, तीव्र डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू होते. काहींना रक्तस्राव होतो. एका माणसाकडून दुसऱ्याला हा रोग होत नाही.

पुढे हा रोग सह्याद्रीत उत्तरेकडे आढळू लागला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. काजूच्या बागांत काम करणाऱ्या मजुरांना त्याची झळ पोचली. लोक त्याला 'माकडताप' म्हणतात. नावात माकड आले, कारण मरताना तेच दिसले. उंदीर आणि गोचीड नावाबाहेरच राहिले.

दुसऱ्या एका प्रकारात तर मध्ये गोचीडही लागत नाही. कोरियातील युद्धात, १९५१ ते १९५३ या काळात, संयुक्त राष्ट्रांचे तीन हजारांहून अधिक सैनिक ताप, रक्तस्राव आणि मूत्रपिंडांचे काम बंद पडणे अशा आजाराने ग्रस्त झाले. कारण सापडायला १९७६ साल उजाडले. हो वांग ली या कोरियन शास्त्रज्ञाने पाठीवर पट्टा असलेल्या शेतउंदरांच्या फुप्फुसांत हा विषाणू दाखवला. हंतान नदीवरून त्याला हंतान विषाणू हे नाव मिळाले. असा उंदीर धडधाकट दिसतो, पण त्याच्या मूत्रातून, विष्ठेतून आणि लाळेतून विषाणू बाहेर पडत राहतो. ते वाळून धुळीत मिसळते आणि ती धूळ श्वासावाटे माणसाच्या शरीरात जाते. तिथे विषाणू बारीक रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरात शिरतो. तो त्या पेशी थेट मारत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणाच इतक्या जोराने उठते की अस्तर गळू लागते आणि रक्तातील द्रव बाहेर झिरपतो.

विशेष म्हणजे याच कुळातला एक विषाणू त्याआधीच, १९६४ साली, तामिळनाडूत वेल्लोर येथे एका चिचुंद्रीत सापडला होता. तो हंतान विषाणूचा नातलग आहे, हे कळायला मात्र पुष्कळ वर्षे गेली. चिचुंद्री दिसते उंदरासारखी, पण ती कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गटातली नाही. तिचे दात टोकदार असतात, अन्न मुख्यतः किडे.

वर्गात हा विषय शिकवताना एक प्रश्न जरूर विचारावा: मरणारा प्राणी आणि रोग सांभाळणारा प्राणी एकच असतो का? प्लेगच्या उदाहरणावरून विद्यार्थी 'हो' म्हणतील. माकडतापाने ते उत्तर बदलेल. आणि बाळापूर असो की दोडामार्ग, दिवाळीच्या सुटीनंतर शाळेची बंद खोली किंवा धान्याची कोठी उघडताना लेंड्या दिसल्या, तर लगेच झाडू हाती घेऊ नये. दारे-खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवाव्यात, लेंड्यांवर ब्लीचिंग पावडरचे पाणी शिंपडावे, ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. आजूबाजूला एकही मेलेला उंदीर नसला, तरीही.