कलावंताच्या वतीने कोण बोलतो?

कलेचा इतिहास लिहिताना आपण कलावंताचे नाव नोंदवतो, आश्रयदात्याचे नोंदवतो, रसिकांच्या अभिरुचीचीही यथास्थित चर्चा करतो. या तिघांच्या मध्ये उभा राहून बिदागी ठरवणारा, तारखा देणारा आणि कागदावर सही घेणारा जो माणूस असतो, त्याची दखल मात्र आपल्या वाङ्मयेतिहासांत क्वचितच घेतली जाते. आज त्या माणसाच्या जागी ‘टॅलेंट एजन्सी’ आली आहे आणि ती मुंबईची, नव्या जमान्याची गोष्ट आहे, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या मते प्रश्न बराच जुना आहे. कलावंताच्या वतीने जो बोलतो, तो नेमका कोणाचा माणूस असतो, हा तो प्रश्न होय.

याचे पहिले उत्तर आमच्या परिसरात शोधावे लागते ते तमाशात. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. ही यात्रा जनावरांच्या बाजारासाठी जशी, तशीच तमाशाच्या तंबूंसाठीही मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. कनातीपुढे गर्दी करणाऱ्याला फडाच्या मालकाचे नाव ठाऊक असते, नर्तकीचे व सोंगाड्याचे ठाऊक असते. व्यवहार मात्र त्याच्या नजरेआड झालेला असतो. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव हे या व्यवहाराचे मोठे केंद्र. गुढीपाडव्याच्या आसपास तेथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रेचे पंच येतात आणि सुपारी ठरते. म्हणजे किती रुपयांत, कोणत्या रात्री, कोणत्या गावी खेळ व्हायचा ते नक्की होते. या बोलणीत एका बाजूला गाव असते, दुसऱ्या बाजूला फडमालक. जिच्या नावावर सुपारी घेतली जाते ती कलावतीण बोलणीत सहसा नसते.

फडमालक हाच तिचा प्रतिनिधी, असे कोणी म्हणेल. एका अर्थाने ते खरेही आहे. पण तोच तिचा धनीही असतो. हंगाम सुरू होण्यापूर्वी कलावंत त्याच्याकडून ‘उचल’ घेतो आणि ती फिटेपर्यंत त्या फडाशी बांधला जातो. मालक तरी मोकळा कुठे असतो? त्यानेही तंबू, गाड्या आणि उचल यांसाठी कर्ज काढलेले असते. अशा साखळीत प्रत्येक जण आपल्या वरच्याचा ऋणको आणि खालच्याचा सावकार होतो. येथे व्यक्तीच्या सज्जनपणाचा मुद्दा गौण आहे. सज्जन मालकालाही विकणारा आणि विकत घेणारा या दोन्ही भूमिका एकाच वेळी वठवाव्या लागतात, ही त्या रचनेतली खरी गोम आहे.

आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मोंढ्यातला आडत्या आपला माल चढ्या भावाने विकून देतो तोवर त्याची आडत देताना कोणी कुरकुरत नाही. त्याच आडत्याची उचल डोक्यावर असली, किंवा नाव दुसऱ्याचे घालून तोच माल घेऊ लागला, की भाव कोणासाठी ठरतो याविषयी शंका उरत नाही. कलावंताचा प्रतिनिधी पारखायची कसोटी याहून फारशी निराळी नाही.

मग घरचा माणूस बरा, असा विचार साहजिकपणे पुढे येतो. या विचाराची दुसरी बाजू पाहायची असेल तर किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) हे आत्मकथन पुन्हा वाचावे. दलित-भटक्यांच्या आत्मकथनांच्या मांडणीत ते आपण जातिव्यवस्थेच्या अंगाने शिकवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यात एक अर्थव्यवहारही उघडा पडतो : नाचणाऱ्या मुलीच्या कमाईवर घरचे पुरुष जगतात आणि तिच्या आयुष्याचे निर्णयही तेच घेतात. रक्ताचे नाते हितसंबंध पुसून टाकत नाही. ते त्यांच्यावर पांघरूण घालते, एवढेच.

तमाशा निरक्षरांचा, जातीने दाबलेल्यांचा. सुशिक्षितांच्या कलाव्यवसायात असे होत नसणार, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचे उदाहरण आहे. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली. नट, तंत्रज्ञ, सुतार, रंगारी सारेच तेथे पगारी नोकर. कलेच्या दर्जाविषयी ‘प्रभात’चे स्थान वादातीत आहे आणि नियमित पगार ही त्या काळच्या नटांना लहानसहान गोष्ट नव्हती. शांता आपटे ‘अमृतमंथन’पासून (१९३४) तेथे प्रसिद्धीस आल्या आणि ‘कुंकू’ (१९३७) चित्रपटातील नीरेच्या भूमिकेने त्यांचे नाव देशभर झाले. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरील हा चित्रपट. नातलगांनी परस्पर जुळवलेले जरठविवाहाचे नाते ही नायिका मानायला नकार देते. आपल्या वतीने दुसऱ्यांनी केलेला करार आपल्याला बांधील नाही, असेच जणू ती म्हणते.

जुलै १९३९ मध्ये याच शांता आपटे ‘प्रभात’च्या दाराशी उपोषणाला बसल्या. वाद करार आणि वेतन यांचा होता. नियतकालिकांत त्यावर उलटसुलट पुष्कळ लिहिले गेले. उपोषण लवकरच संपले आणि त्यांनी कंपनी सोडली. हा प्रसंग नटीचा लहरीपणा म्हणून सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे. आम्हांला तो वेगळा दिसतो. पडद्यावरचे यश अमाप. पण कंपनीसमोर बसून कराराचे एकेक कलम वाचणारा, त्यावर हुज्जत घालणारा व्यवसायाने बांधलेला कोणी माणूस नाही, नटांची बळकट संघटनाही नाही. ज्याच्या वतीने बोलणारा कोणी नसतो, त्याला शेवटी स्वतःचे शरीर दाराशी आणून ठेवावे लागते. पुढच्याच वर्षी, १९४० साली, त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिले. रूढ अर्थाने ते आत्मचरित्र नाही. सिनेमात जाऊ पाहणाऱ्यांपुढे त्या धंद्याचा व्यवहार मांडणारा तो युक्तिवाद आहे. शीर्षकातले प्रश्नचिन्ह म्हणूनच महत्त्वाचे.

तुलनेसाठी अमेरिकेकडे पाहू. तेथे अभिनेत्री ऑलिव्हिया डी हॅविलंड यांनी भूमिका नाकारली की वॉर्नर ब्रदर्स त्यांना निलंबित करी आणि निलंबनाचा तो काळ कराराच्या मुदतीत वाढवी. सात वर्षे म्हणजे दिनदर्शिकेतलीच सात वर्षे, असा निकाल त्यांनी १९४४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यायालयातून मिळवला. त्यांच्यामागे कायद्याचे एक कलम होते, नटांची संघटना होती आणि एजंट नावाचा रुळलेला पेशाही होता. विल्यम मॉरिस यांनी न्यूयॉर्कमध्ये १८९८ साली काढलेली एजन्सी त्या पेशाचा एक आरंभबिंदू. कलावंताला काम मिळाले तर त्याच्या मोबदल्याचा ठरावीक हिस्सा, बहुधा दहा टक्के, एजंटाचा. काम नाही तर दलाली नाही. या साध्या हिशेबामुळे कलावंताचा भाव वाढण्यात एजंटाचाही लाभ असतो.

पण तेथेही सगळे आलबेल नव्हते. एमसीए ही बलाढ्य एजन्सी निर्मितीच्या धंद्यात उतरली आणि १९५२ मध्ये नटांच्या संघटनेने तिला दोन्ही कामे एकत्र करण्याची मुभा दिली. नटाची बाजू मांडणारा आणि नटाला पगार देणारा, दोघे एकच! अखेर १९६२ मध्ये सरकारी कारवाईमुळे तिला एजन्सीचे काम सोडावे लागले. नारायणगावच्या राहुटीतले आणि हॉलिवूडच्या काचेच्या दालनातले दुखणे एकच होते, हे यावरून ध्यानात यावे.

हे सारे पालमसारख्या गावात बसून लिहिण्याचे कारण आहे. आमच्या वर्गातली मुले एकांकिका करतात, लावणी बसवतात, उत्तम गातात. मोबाइलवर येणाऱ्या ‘ऑडिशन’च्या निरोपांनी हरखून जातात आणि नोंदणीसाठी, फोटोंसाठी पैसे भरायला तयार होतात. त्यांना इतिहासाने शिकवलेले तीन प्रश्न आपण द्यायला हवेत. हा माणूस पैसे केव्हा घेतो, आपल्याला काम मिळाल्यावर की आधीच? कॅलिफोर्नियाच्या कायद्याने एजंटाला परवाना लागतो आणि नोंदणी शुल्क घेण्यास त्याला मनाई आहे, ती याच कारणासाठी. दुसरा प्रश्न, काम देणाऱ्याशी त्याचे काय नाते आहे? निर्मितीसंस्थांनीच कलावंतांच्या व्यवस्थापनाचे विभाग काढलेले आहेत, तेव्हा हा प्रश्न शिळा झालेला नाही. तिसरा, करारातून बाहेर पडण्याची वाट कोणती आणि तिची किंमत काय?

विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्या कलेचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला होता. स्वतःचा फडही होता. तरी त्यांचे अखेरचे दिवस विपन्नावस्थेत गेले. त्यांच्या नावाचा शासकीय जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला तो २००६ साली. गौरव करणारे पुष्कळ असतात. हिशेब तपासणारा एखादाच लागतो, आणि तो वेळेवर लागतो. मराठीच्या अभ्यासक्रमात आपण लावणीचे वृत्त आणि शृंगार शिकवतो. त्याच तासाला सुपारी आणि उचल या दोन शब्दांचा अर्थही सांगावा, आणि ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक विद्यार्थ्यांच्या वाचनयादीत असावे, एवढीच आमची सूचना आहे.