बैठ्या खेळाची तालीम

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत जुम्मादादा व्यायाममंदिर आणि प्रोफेसर माणिकराव ही नावे नव्याने सांगावी लागत नाहीत. याच शहरात द. चिं. मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात व्यायामज्ञानकोशाचे १० खंड सिद्ध केले. तरीही तालीम कुस्ती-मल्लखांबासाठी, आणि बुद्धिबळ-सोंगट्या ज्यांना तालीम झेपत नाही त्यांच्यासाठी, अशी वाटणी आमच्या लहानपणी सर्वांनी गृहीत धरली होती. आज संगणकावरील स्पर्धांचे खेळाडू व्यायामाचा प्रशिक्षक ठेवतात हे ऐकून पुष्कळांना हसू येते. पण त्यांनी काही नवे शोधलेले नाही. बैठ्या खेळाला शरीर लागते, हे बुद्धिबळाच्या इतिहासात आधीच सिद्ध झालेले आहे.

१९४८ साली विश्वविजेता झालेला सोव्हिएत खेळाडू बोत्विनिक सकाळचा व्यायाम आणि फिरणे हा आपल्या तयारीचाच भाग मानी. प्रतिस्पर्ध्यांच्या सिगारेटच्या धुराने लक्ष उडू नये म्हणून सरावाच्या डावांत तो मुद्दाम तोंडावर धूर सोडवून घेत असे! पुढे कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह हे दोघेही त्याच्याच शाळेत शिकले, आणि १० सप्टेंबर १९८४ रोजी मॉस्कोत समोरासमोर बसले.

नियम असा होता की जो प्रथम ६ डाव जिंकेल तो विजेता. बरोबरीचे डाव मोजायचे नाहीत. २७ डावांनंतर ३३ वर्षांचा कार्पोव्ह ५-० असा पुढे होता. उरला होता एकच विजय, आणि तोच मिळेना. बरोबरीमागून बरोबरी होत राहिली. मूळचाच किरकोळ असलेला कार्पोव्ह वाळत चालला. त्याचे वजन सुमारे १० किलोंनी घटल्याचे सांगितले जाते. २१ वर्षांच्या कास्पारोव्हने ३२ वा डाव जिंकला, आणि मग सलग ४७ वा व ४८ वा. १५ फेब्रुवारी १९८५ रोजी जागतिक महासंघाचे अध्यक्ष काम्पोमानेस यांनी खेळाडूंच्या थकव्याचे कारण देऊन सामना निकालाविना थांबवला. त्या निर्णयावर आजही वाद होतो. पाच महिन्यांत कार्पोव्हची बुद्धी आटली असे मात्र कोणी म्हटले नाही. आटले ते शरीर, असे आम्हांस वाटते. पुढचा सामना २४ डावांचाच ठेवण्यात आला आणि कास्पारोव्ह तो जिंकला.

हा धडा पडद्यावरच्या खेळाडूंपर्यंत पोहोचायला वेळ लागला. १९९८ साली ‘स्टारक्राफ्ट’ आला आणि दक्षिण कोरियात या खेळाचा व्यवसाय झाला. संघाच्या घरात एकत्र राहायचे आणि दिवसाचे दहा-बारा तास सराव करायचा, एवढीच तेथील तालीम. खुर्चीत आयुष्य घालवलेल्यांना पाठ, मान आणि मनगट यांचे पुढे काय होते ते सांगायला नको. आम्ही कचेरीत तेच अनुभवले, फक्त पेन्शनीच्या वयात. ‘उझी’ या नावाने गाजलेला चिनी खेळाडू २०२० साली अवघ्या २३ व्या वर्षी निवृत्त झाला. जागरणे, अवेळी जेवण आणि ताण यांतून मधुमेह जडला, हातही दुखावला, असे त्याने स्वतःच सांगितले.

व्यायामाने खेळ प्रत्यक्ष किती सुधारतो? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २० खेळाडूंना थोडा वेळ जोरकस व्यायाम करवून मग खेळायला बसवले, तेव्हा त्यांनी अधिक लक्ष्ये टिपली आणि नेमही सुधारला. प्रयोग लहान आहे, आणि लक्ष्य टिपणे म्हणजे सामना जिंकणे नव्हे. आमच्या मते व्यायामाचा खरा उपयोग बोटांच्या चपळाईपेक्षा पाचव्या-सहाव्या तासाला डोके ताळ्यावर राहण्यात आहे.

डेन्मार्कच्या ‘ॲस्ट्रॅलिस’ संघाने हे लवकर ओळखले. झोप, आहार, व्यायाम आणि मानसतज्ज्ञ अशी रीतसर व्यवस्था लावून त्यांनी २०१७ ते २०१९ या काळात ‘काउंटर-स्ट्राइक’च्या ४ मोठ्या स्पर्धा जिंकल्या. २०२० च्या मे महिन्यात त्याच संघाचे दोन प्रमुख खेळाडू ताण असह्य होऊन रजेवर गेले. तालीम चोख होती. सामन्यांच्या वेळापत्रकाला मात्र मॉस्कोतल्यासारखे थांबवणारे कोणी नव्हते.