नारायण मल्हार जोशी आणि त्यांचे विरोधक

राजकारणातील सभ्यतेचा विषय निघाला की व्याख्यानमालेत टिळक-गोखल्यांची गोष्ट हमखास निघते. १९१५ च्या फेब्रुवारीत गोखले वारले, तेव्हा टिळक सिंहगडावरून उतरून स्मशानात आले आणि आयुष्यभराच्या प्रतिस्पर्ध्याविषयी गौरवाने बोलले. गोष्ट खरी आहे, थोरही आहे. पण गेलेल्या माणसाविषयी चांगले बोलणे त्या मानाने सोपे, असे गेटसभांत घसा फोडणाऱ्या आमच्यासारख्याला वाटते. विरोधक जिवंत आहे, उद्या पुन्हा आपल्याविरुद्ध मत देणार आहे, आणि तरीही त्याच्याशेजारी एका सतरंजीवर बसायचे आहे, ही परीक्षा निराळी. म्हणून आम्ही पुण्याहून परळला जातो.

नारायण मल्हार जोशी हे गोखल्यांच्याच भारत सेवक समाजाचे सभासद. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे. स्वभावाने नेमस्त, अर्ज-विनंत्यांवर आणि कायद्यावर विश्वास ठेवणारे. श्रीपाद अमृत डांगे त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, कानपूरच्या खटल्यात शिक्षा भोगून १९२७ मध्ये सुटलेले कम्युनिस्ट. १९२८ च्या एप्रिलात मुंबईच्या गिरण्यांत संप भडकला. विणकराने दोनांऐवजी तीन माग सांभाळावेत, अशी मालकांची योजना होती. सार्वत्रिक संप जोशींच्या मनात नव्हता. पण सुमारे दीड लाख माणूस रस्त्यावर आल्यावर ते दूर उभे राहिले नाहीत. संयुक्त संप-समिती झाली. तीत जोशी बसले आणि त्यांना ‘सुधारणावादी’ म्हणून हिणवणारे डांगेही बसले. ऑक्टोबरपर्यंत ही समिती टिकली. शेवटी तंटा फॉसेट समितीपुढे गेला.

या समितीचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवू नये. अस्पृश्य कामगाराला साळखात्यात काम मिळत नसे. कांडीचा धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागे; तेथे विटाळ आडवा येई. पगार मात्र त्याच खात्यात बरा. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपातच उभा केला. पुढाऱ्यांनी एकमेकांशी सभ्यतेने वागणे आणि शेजारच्या कामगाराला माणूस म्हणून वागवणे या दोन गोष्टी आपोआप एकत्र येत नाहीत. दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, औद्योगिक तंट्यांच्या विधेयकाविरुद्ध आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. जुने मतभेद मिटले नव्हते. ते बाजूला ठेवले गेले, इतकेच.

जोशी-डांगे यांचे पुढे बिनसलेच. १९२९ च्या मार्चमध्ये डांगे मीरत खटल्यात पकडले गेले. जोशी व्हिटली कमिशनवर गेले. कम्युनिस्टांनी त्यावर बहिष्कार पुकारला. त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूरच्या अधिवेशनात आयटक फुटली आणि जोशी बाहेर पडले.

आम्हांला खरा रस आहे तो नंतरच्या जोडणीत. १९३८ मध्ये, पुन्हा नागपुरातच, दोन्ही बाजू एकत्र आल्या त्या अटी पाहा. दोघांना सर्वसाधारण मंडळात सारख्या जागा. राजकीय प्रश्न आणि संप यांचा निर्णय तीन-चतुर्थांश मतांनीच. निशाण लाल, पण त्यावर विळा-हातोडा नाही. कोणी कोणाला मिठी मारली नाही. ‘तुझे बहुमत झाले तरी तू मला फरफटत नेणार नाहीस’ एवढे लिहून घेतले. महायुद्धाच्या प्रश्नावर या कलमामुळे ठराव अडले, लोक वैतागले, पण संघटना टिकून राहिली. जोशी १९४० पासून सरचिटणीस होते, आणि १९४३ मध्ये अध्यक्ष झाले ते डांगे. १९४८ मध्ये जोशी पुन्हा बाहेर पडले. वीस वर्षांत दोनदा फाटले, एकदा जुळले. आमच्या चळवळीच्या मानाने हा हिशेब वाईट नाही.

आम्ही स्वतः काय केले, तेही सांगितले पाहिजे. एका बोनसच्या तंट्यात दुसऱ्या युनियनच्या कार्यकर्त्याला आम्ही भर सभेत ‘मालकाचा दलाल’ म्हटले. टाळ्या भरपूर पडल्या. पुरावा आमच्याकडे नव्हता. पुढच्या वाटाघाटींत तो आमच्या शेजारी बसला नाही, आणि दोन युनियनांचे दोन आकडे पाहून मालक हसले. करार झाला तो धाकट्या आकड्यावर. आम्ही त्याच्या घरी गेलो ते चार महिन्यांनी. त्याने चहा दिला. कराराविषयी एक शब्द काढला नाही.

आता आमच्या दोन युनियनांची संयुक्त समिती करण्याचे घाटते आहे. तीन-चतुर्थांशाचे ते जुने कलम आम्ही मसुद्यात घातले आहे. आमच्याच लोकांचा त्याला विरोध आहे. संख्या आमची जास्त आहे, मग हात का बांधून घ्यायचे, असे ते विचारतात. मसुदा त्यालाही पाठवला आहे.