एका ओळीवर अडलेला पोस्टमन

फोन अपडेट केला आणि कालपर्यंत नीट चालणारं ॲप उघडेनासंच झालं, असं कधी झालंय? ॲपला कुणी हात लावलेला नसतो. सरकलेली असते ती त्याच्या पायाखालची जमीन. आजची गोष्ट अशाच सरकलेल्या जमिनीची.

अमेरिकन गणितज्ञ डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं. युनिक्स आणि लिनक्स सर्व्हरवर ईमेल पोचवणारा हा पोस्टमन. १९९७ मध्ये त्यांनी जाहीर केलं, यात सुरक्षेचं भोक शोधून दाखवा आणि ५०० डॉलर घेऊन जा! जून १९९८ मध्ये १.०३ ही आवृत्ती आली, आणि तिथंच ते थांबले. कोड तयार होता, जगभर चालत होता.

मग काही वर्षांनी लिनक्सच्या नव्या आवृत्त्या आल्या. लोकांनी तोच कोड त्यांच्यावर बांधायला घेतला, आणि गाडी अडली. एरर साधारण असं सांगायची: ‘एर्नो’ची टीएलएस व्याख्या आणि बिगर-टीएलएस संदर्भ जुळत नाहीत.

आता गंमत बघा. टीएलएस म्हटलं की आपल्याला आठवतं वेबसाइटचं कुलूप, एन्क्रिप्शन. त्यात हा ईमेल सर्व्हर! म्हणजे कुणीही चुकीच्या दिशेला जाणार. पण इथं टीएलएस म्हणजे थ्रेड-लोकल स्टोरेज. एन्क्रिप्शनशी त्याचा काही संबंध नाही.

मग हा एर्नो कोण? सी भाषेत एखादं काम फसलं, की का फसलं याचा नंबर एर्नोमध्ये ठेवला जातो. उदाहरणार्थ, फाइल सापडली नाही तर २. जुन्या युनिक्समध्ये हा अख्ख्या प्रोग्रामसाठी एकच डबा होता. वर्गात एकच फळा असावा ना, तसा. पुढे एकाच प्रोग्राममध्ये अनेक थ्रेड एकाच वेळी काम करू लागले. एकानं फळ्यावर २ लिहायचं, ते वाचायच्या आत दुसऱ्यानं पुसून भलतंच लिहायचं! म्हणून प्रत्येक थ्रेडला स्वतःची पाटी मिळाली. लिनक्सची मूळ लायब्ररी जीलिबसी, तिच्या २.३ आवृत्तीत एर्नो थ्रेड-लोकल झाला. ही आवृत्ती आली २००२ मध्ये.

क्यूमेलच्या एका फाइलमध्ये मात्र जुनीच ओळ होती: ‘एक्स्टर्न इंट एर्नो’. म्हणजे, एर्नो नावाचा एक साधा आकडा बाहेर कुठंतरी आहे, समजून घ्या. कंपायलरनं एकेक फाइल तपासली, त्याला काही खटकलं नाही. शेवटी लिंकर सगळे तुकडे लायब्ररीला जोडायला गेला, तेव्हा भांडण उघडं पडलं. कोड मागत होता फळा, लायब्ररी देत होती पाटी.

चूक कुणाची? १९८९ च्या सी मानकानुसार एर्नो मिळतो तो ‘एर्नो डॉट एच’ या हेडर फाइलमधून, आणि तो मॅक्रो असू शकतो. म्हणजे ओळ नियमात बसत नव्हती. पण इतकी वर्षं ती चालली, हेही तितकंच खरं.

दुरुस्ती? एक ओळ. ती जुनी ओळ काढा, हेडर जोडा, संपलं.

पण खरा पेच पुढेच होता. क्यूमेलचा कोड सगळ्यांना वाचायला खुला, पण बदललेली प्रत वाटायला परवानगी नव्हती. क्यूमेल प्रत्येक सिस्टिमवर अगदी सारखाच वागावा, हा बर्नस्टाइन यांचा आग्रह. त्यामुळे उत्तर माहीत असूनही दुरुस्त प्रत कुणी देऊ शकत नव्हतं. पॅच वेगळा वाटायचा, आणि तो प्रत्येकानं आपापल्या घरी लावायचा. नेटक्यूमेलवाल्यांनी हेच केलं. मूळ कोड जसाच्या तसा, सोबत पॅच.

आणखी एक युक्ती होती, बर्नस्टाइन यांच्याच डीजेबीडीएनएसच्या सूचनांमध्ये दिलेली. कोडला हातच लावायचा नाही. कंपायलरलाच सांगायचं, प्रत्येक फाइलच्या आधी ‘एर्नो डॉट एच’ वाच. मग मॅक्रोमुळे त्या जुन्या ओळीचाच अर्थ बदलायचा, आणि भांडण मिटायचं!

शेवटी नोव्हेंबर २००७ मध्ये बर्नस्टाइन यांनी क्यूमेल पब्लिक डोमेनमध्ये सोडला. आता कुणीही दुरुस्त करावं, कुणीही वाटावं.

तुमच्या हातातल्या अँड्रॉइडमध्येही एर्नो असाच आहे, प्रत्येक थ्रेडची वेगळी पाटी. तेव्हा पुढच्या वेळी जुना कोड नव्या सिस्टिमवर अडला, तर एरर नीट वाचा आणि तीन प्रश्न विचारा. अडलं कुठं, कंपायलरपाशी की लिंकरपाशी? कोडनं कोणती जुनी गोष्ट गृहीत धरली होती? आणि दुरुस्त केलेलं दुसऱ्याला द्यायचा हक्क आपल्याला आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं संध्याकाळपर्यंत सापडतात. तिसऱ्याला इथं २००७ उजाडावं लागलं.

भेटू पुढच्या भागात!