तोड्याची बंदूक व नेवासे तालुक्यातील काळवीट

अहमदनगर (सांप्रत अहिल्यानगर) जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यात, नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर घोडेगाव वसले आहे. शनिशिंगणापूरचे सान्निध्य व गुरांचा बाजार यांमुळे हे नाव महाराष्ट्रास परिचित आहे. काळ्या जमिनीची शेते आणि त्यांच्या मधून पसरलेले उघडे माळ असे या टापूचे पूर्वीचे रूप होते. काळविटाला हवी असते ती अशीच भूमी; दाट अरण्य त्यास मानवत नाही. मग या माळांवरील कळप गेले कोठे? या प्रश्नास सामान्यतः मिळणारे उत्तर असे की, गावोगावच्या बंदूकवाल्यांनी व पारध्यांनी ते मारून संपविले. हे उत्तर कितपत टिकते, याचा विचार शिकारीच्या साधनाकडे पाहून करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम संज्ञांविषयी. लोकव्यवहारात काळविटास हरीण म्हणतात. परंतु सांबर व चितळ यांच्या कुळाहून त्याचे कुळ निराळे असून त्याची शिंगे दरवर्षी गळून पडत नाहीत. त्याचा धाकटा सोबती चिंकारा. कर्नल साइक्स याने दख्खनमधील सस्तन प्राण्यांचे जे वर्णन इ. स. १८३१ मध्ये प्रसिद्ध केले, त्यावरूनच चिंकाऱ्याचे शास्त्रीय नाव आजही चालते. दुसरा घोटाळा 'बंदूक' आणि 'रायफल' या शब्दांचा. दोहोंत काळी दारूच वापरली जात असली, तरी रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. आपल्याकडील परंपरागत बंदूक बहुधा गुळगुळीत नळीची असे. पुढील विवेचनात हा भेद महत्त्वाचा आहे.

दारूची विद्या या भूमीला नवीन नव्हती. विजापूरची सुप्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ इ. स. १५४९ मध्ये निजामशाहीच्या राजधानीत, म्हणजे अहमदनगर येथेच ओतली गेली. सोरा, गंधक व कोळसा या तिन्हींच्या मिश्रणाने दारू सिद्ध होई. शंभर भागांत सोरा सुमारे ७५, कोळसा १५ व गंधक १० असे प्रमाण पुढे रूढ झाले. बंदूक भरताना दारू व गोळी तोंडातून घालून गजाने ठासीत, कानात रंजक ओतीत आणि पेटत्या तोड्याने ती शिलगावीत. एकोणिसाव्या शतकात तोड्याची जागा हळूहळू टोपीने घेतली. ठासणी मात्र कायम राहिली.

या कृतीतच तिच्या मर्यादा आहेत. काळी दारू जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपाने उरतो. त्याचा काही अंश धूर होऊन दृष्टी झाकतो आणि काही नळीत काजळी होऊन साचतो. पन्नास-साठ पावलांपलीकडे नेमाचा भरवसा उरत नसे. उघड्या माळावर तीक्ष्ण दृष्टीचा आणि ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने धावू शकणारा काळवीट इतक्या जवळ येऊ देणे कठीण. शिवाय एक बार झाला की कळप पळालाच. दुसरा बार ठासून होईपर्यंत तो दृष्टीआड होई. म्हणजे एका दबा धरण्यास फार तर एक जनावर, असा या शस्त्राचा हिशेब होता.

ऋतूचाही विचार केला पाहिजे. सोऱ्याची दारू दमट हवेत बिघडते आणि पावसात तोडा विझतो. त्यामुळे खरिपाच्या बाजरीस बंदुकीचा आधार अल्पच. खरा उपयोग रब्बीच्या ज्वारीच्या राखणीस, कोरड्या थंडीच्या दिवसांत. माळ्यावरून गोफण फिरविणारा राखणदार हा नित्याचा रक्षक होता, बंदूक हा त्याचा क्वचितचा सहायक. पारध्यांचे मुख्य साधन तर बंदूक नव्हेच. फासेपारध्यांचे नावच त्यांच्या फाशांवरून पडले. आणि शिकविलेल्या गायीच्या वा बैलाच्या आडून कळपाजवळ सरकणे ही त्यांची दुसरी युक्ती होती. बारापेक्षा फास निःशब्द, म्हणून अधिक फलदायी, हे ते जाणून होते.

आता कायद्याकडे वळू. इ. स. १८५७ मध्ये भागोजी नाईक याच्या नेतृत्वाखाली नगर-नाशिक भागातील भिल्लांनी उठाव केला; नांदूर शिंगोटे येथील चकमकीत लेफ्टनंट हेन्री मारला गेला. अशा प्रसंगांनंतर प्रजेच्या हातातील शस्त्र हा सरकारच्या चिंतेचा विषय बनला, यात नवल नाही. इ. स. १८७८ च्या शस्त्र अधिनियमाने परवान्याची सक्ती देशभर दृढ केली. युरोपीयांना मात्र तीतून सूट होती. म्हणजे पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक बाळगणाऱ्या कुणब्यास परवाना हवा, आणि मौजेसाठी रायफल घेऊन माळावर उतरणाऱ्या साहेबास नको! याच काळात रायफलीची शक्ती वाढत होती. मध्य प्रांतात अधिकारी असलेल्या जेम्स फॉर्सिथ याने इ. स. १८६३ मध्ये शिकारी रायफलीवर स्वतंत्र ग्रंथ लिहून गोल गोळी व मोठा बार यांचा पुरस्कार केला. पुढे मागून भरावयाची काडतुसे आली, १८८४ मध्ये फ्रान्समध्ये निर्धूर दारूचा शोध लागला, आणि नेमाचे अंतर कितीतरी पटींनी वाढले.

कालक्रम नीट मांडला म्हणजे रूढ उत्तरातील दोष स्पष्ट होतो. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत तोड्याची बंदूक व काळविटांचे कळप दख्खनमध्ये एकत्र नांदले. कळपांचा मोठा ऱ्हास झाला तो विसाव्या शतकात, म्हणजे परवान्यांनी गावठी बंदुका आवळल्यानंतर. मुख्य दोष ठासणीच्या बंदुकीचा असता, तर क्रम याच्या उलट दिसावयास हवा होता. ती निरपराध होती असे येथे म्हणावयाचे नाही. पिकरक्षणाचे परवाने चालूच होते, फासही चालूच होते. १९१२ च्या वन्य पक्षी व पशू संरक्षण अधिनियमाने मालमत्तेच्या प्रामाणिक रक्षणार्थ केलेली हत्या वगळली होती. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातही पिकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. परंतु काडतुसाची रायफल, मोटारीच्या दिव्यांत रात्री केलेली शिकार आणि सर्वांत अधिक म्हणजे माळाचे शेत होणे, ही कारणे तिच्याहून बलवत्तर ठरतात. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस आला. पुढे मुळा धरणाचे पाणी नेवासे तालुक्यात पोहोचले, सोनईस साखर कारखाना उभा राहिला. पाण्याने शेतकऱ्याचे दैन्य हटविले, हे निर्विवाद आहे; त्याच पाण्याने काळविटाचा माळ नाहीसा केला, हेही तितकेच खरे.

दोषारोप करताना साधनांची सत्यता पाहणे इतिहासकाराचे कर्तव्य असते. शिकारीचे बहुतेक वृत्तांत रायफलवाल्यांनी लिहिले. तोडेवाला व पारधी यांनी काही लिहिले नाही. त्यामुळे एकाची हत्या 'क्रीडा' ठरली, दुसऱ्याची 'चोरी'. पारध्यांवर तर गुन्हेगार जमाती अधिनियमाचा शिक्का बसला, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला तरी लोकांच्या मनातून पुसला गेलेला नाही. कळप संपविल्याचा ठपका त्यांच्यावर सहज बसतो, याचे एक कारण हा शिक्का होय.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत काळविटाचा समावेश असल्याने पीक खाल्ले म्हणून त्यास मारता येत नाही. १९८० मध्ये याच जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे, त्याच्यासाठी अभयारण्य स्थापन झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर आहे. एके काळी जिल्हाभर पसरलेल्या माळांशी या आकड्याची तुलना केली, म्हणजे काळविटास बंदुकीने अधिक हिरावले की नांगराने, याचा निर्णय वाचकांस करता येईल.