सायबर बुलिंग आणि कुमारवयीनांचे शिक्षण

मोबाइल, समाजमाध्यमे, ऑनलाइन खेळ किंवा गप्पांचे ग्रुप यांच्याद्वारे एखाद्या मुलाला वा मुलीला जाणूनबुजून त्रास देणे, अपमानित करणे, धमकावणे किंवा वाळीत टाकणे म्हणजे सायबर बुलिंग. यालाच सायबर छळ असेही म्हणतात. स्वतःचा किंवा घरचा मोबाइल हाती येतो आणि वर्गातील स्थान जिवाभावाचे वाटू लागते, त्या सहावी ते दहावीच्या वयात याची झळ विशेष बसते. म्हणून या विषयाचे शिक्षण याच वयोगटासाठी आखले जाते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः भारतातील शाळकरी मुलांचा विचार केला आहे.

शाळेतील दादागिरीचा पद्धतशीर अभ्यास स्वीडिश मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेउस यांनी १९७० च्या दशकात सुरू केला. हेतुपुरस्सरता, पुनरावृत्ती आणि दोन्ही बाजूंच्या बळातील तफावत ही त्यांनी सांगितलेली तीन लक्षणे आजही प्रमाण मानली जातात. ऑनलाइन जगात मात्र त्यांचा अर्थ बदलतो. फोटो एकानेच आणि एकदाच टाकलेला असतो, पण पन्नास जण तो पुढे पाठवतात आणि पुनरावृत्ती आपोआप होते. बळ अंगात असावे लागत नाही. दुसऱ्याचा खासगी फोटो हाती असणे, नाव लपवता येणे किंवा ग्रुपचा ॲडमिन असणे पुरते. पूर्वी शाळा सुटली की त्रास तेवढ्यापुरता थांबे. आता तो दप्तरासोबत घरी येतो आणि रात्री अंथरुणातही गाठतो.

भारतीय शाळांमध्ये आढळणारे प्रकार वरवर किरकोळ दिसतात. वर्गातल्या एखाद्याच्या नकळत काढलेल्या फोटोचे स्टिकर करून ग्रुपवर फिरवणे, एकाच मुलीला वगळून बाकी सगळ्यांचा ग्रुप करणे, शाळेच्या नावाने निनावी ‘कन्फेशन’ पेज काढून त्यावर मुलामुलींची नावे जोडणे, फेक अकाउंटवरून घाणेरडे मेसेज पाठवणे, ऑनलाइन खेळात माइकवरून शिव्या देणे हे त्यांतील नेहमीचे. चिडवण्याचे विषय जुनेच असतात: रंग, वजन, जात, गावाकडची बोली, अडखळत बोललेले इंग्रजी. चेहरा दुसऱ्याच्या शरीराला जोडून नग्न चित्र तयार करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आल्यापासून यात गंभीर भर पडली आहे. अनोळखी प्रौढाने गोड बोलून फोटो मिळवणे व मग पैशांसाठी किंवा आणखी फोटोंसाठी धमकावणे हा वेगळा, थेट गुन्हेगारी प्रकार आहे. वर्गमित्राशी शाळेला बोलता येते. अशा माणसाशी मुलाने वा पालकाने परस्पर वाटाघाट करू नये. हा फरक मुलांना स्पष्टपणे सांगावा लागतो.

या शिक्षणातील सर्वांत कठीण भाग पासवर्ड किंवा सेटिंगचा नाही. मूल सांगत नाही, हा आहे. सांगितले तर मोबाइल काढून घेतील, ‘तूच काहीतरी केलं असशील’ म्हणतील, मुलगी असेल तर क्लास किंवा शाळाच बंद करतील, अशी भीती त्याला वाटते आणि बऱ्याच घरांत ती खरी ठरते. म्हणजे त्रास सोसणाऱ्यालाच शिक्षा होते, आणि धमकी देणाऱ्याला नेमके तेच हवे असते. त्यामुळे मुलांच्या तासाआधी पालकांची सभा घेणे अधिक फलदायी ठरते. ‘बरं झालं सांगितलंस, यात तुझी चूक नाही’ एवढे वाक्य आईवडिलांच्या तोंडून पहिल्या मिनिटात निघणे ही ऑनलाइन सुरक्षेची पहिली तरतूद होय. ‘दुर्लक्ष कर’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला मात्र अपुरा आहे. ज्या ग्रुपमध्ये सगळा वर्ग आहे, त्याकडे तेरा वर्षांचे मूल दुर्लक्ष करू शकत नाही.

दुसरा आधार म्हणजे बघे. फिनलंडमधील संशोधिका क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सहावीच्या मुलांचा अभ्यास करून दाखवले की छळ ही दोघांतली गोष्ट नसते. साथ देणारे, हसून चेव आणणारे, गप्प राहणारे आणि बाजू घेणारे अशा भूमिका सगळा वर्ग वाटून घेतो. तुर्कू विद्यापीठात आकाराला आलेला ‘किवा’ हा शालेय कार्यक्रम याच निष्कर्षावर उभा आहे. वर्गात याचा सराव करता येतो. ग्रुपवर सर्वांदेखत भांडण्याचे धाडस प्रत्येकाला होत नाही. पण हसण्याची इमोजी न टाकणे, स्टिकर पुढे न पाठवणे आणि ज्याची टिंगल झाली त्याला वेगळा मेसेज करून ‘मी तुझ्यासोबत आहे’ म्हणणे कोणालाही जमते.

प्रत्यक्ष प्रसंगात क्रमाला महत्त्व आहे. उलट उत्तर देऊ नये. आधी स्क्रीनशॉट घ्यावा, त्यात तारीख, वेळ व अकाउंटचे नाव दिसावे. मग रिपोर्ट आणि त्यानंतर ब्लॉक करावे. घाईने चॅट पुसून टाकली तर पुरावाच जातो. मजकूर अल्पवयीन मुलाच्या वा मुलीच्या नग्नतेचा असेल, तर मात्र तो कोणालाही, शिक्षकांच्या ग्रुपवरसुद्धा, पाठवू नये. लिंक आणि अकाउंटचे नाव टिपून फोन विश्वासू मोठ्या माणसाला दाखवावा. अठरा वर्षांखालील वयात काढलेल्या अशा फोटोंसाठी अमेरिकेतील हरवलेल्या व शोषित मुलांच्या राष्ट्रीय केंद्राने २०२३ मध्ये ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा सुरू केली. तीत फोटो फोनबाहेर जात नाही. त्याचा अंकी ठसा तेवढा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून आपल्या मंचावरील प्रती शोधून काढू शकतात.

भारतात सायबर बुलिंग या नावाचा स्वतंत्र गुन्हा नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६६-अ पूर्वी आक्षेपार्ह संदेशांना लागू होत असे. परंतु पालघरमध्ये २०१२ साली फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाल्यानंतर ते वादात सापडले आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. आता ओळख चोरणे (६६-क), खासगीपणाचा भंग (६६-इ) आणि मुलांचे लैंगिक चित्रण (६७-ब) ही त्याच कायद्यातील कलमे, तसेच पोक्सो कायदा, २०१२ आणि भारतीय न्याय संहितेतील पाठलाग व धमकीविषयीची कलमे प्रसंगानुसार लागू होतात. त्रास देणाराही बहुधा अल्पवयीनच असतो. त्याचे प्रकरण बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बाल न्याय मंडळापुढे जाते. त्याला वर्गासमोर उभे करून अपमानित करणे हे शिक्षणही नव्हे आणि न्यायही नव्हे. तक्रारीसाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल २०१९ पासून कार्यरत आहे. मुलांच्या लैंगिक चित्रणाबद्दल तेथे नाव न देताही कळवता येते. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी १९३०, मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि मानसिक आधारासाठी टेली-मानसचा १४४१६ हे क्रमांक मुलांच्या वहीत लिहिलेले असावेत.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मज्जाव केला आहे. महाराष्ट्रातील असंख्य घरांत वयावर आधारलेली अशी कोणतीही भिंत सहज ओलांडली जाते, कारण मोबाइल वडिलांचा किंवा मोठ्या भावाचा, नंबर त्यांचा आणि नोंदवलेली जन्मतारीखही त्यांचीच असते. कंपनीच्या दृष्टीने ते खाते प्रौढाचे असते. किशोरांसाठी ठेवलेले संरक्षण, म्हणजे अनोळखी माणसाचे मेसेज अडवणे किंवा खाते आपोआप खासगी ठेवणे, मग लागूच होत नाही. म्हणून सामाईक मोबाइल असलेल्या घरांसाठी शाळेने वेगळे मार्गदर्शन करावे: तेरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाचे खाते त्याच्याच खऱ्या जन्मतारखेने उघडावे, त्याआधी उघडू नये, आणि ते कोण कोण पाहू शकते हे मुलासोबत बसून ठरवावे.